हू, व्हिच, दॅट आणि आपला जो-तो: नियम पाठ असूनही चुका का होतात?

खोडरबर

नमस्कार मंडळी. हा प्रश्न शाळेतच सुटायला हवा होता, पण राहिला तो राहिलाच.

कामात रोज इंग्रजीत पत्रं आणि अहवाल लिहावे लागतात. छोटी वाक्यं जमतात. दोन वाक्यं एकात गुंफायची वेळ आली की हात अडखळतो. परवा मी लिहिलं, "द फाइल व्हिच यू आस्क्ड फॉर इट इज अटॅच्ड." वरिष्ठांनी 'इट'वर काट मारून कागद परत केला. कारण विचारायचा धीर झाला नाही. मला अजूनही कळत नाही की त्या बिचाऱ्या 'इट'नं काय बिघडवलं. मागितली काय, तर ती फाइल. मग तिचा उल्लेख नको का?

त्याच अहवालात दुसरं वाक्य होतं, "हू विल कम फर्स्ट, ही विल गेट द सीट." त्यावर तर अख्खी लाल रेघ.

माणसांना हू, वस्तूंना व्हिच, दोघांनाही दॅट. हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. नियम तोंडपाठ असून चुका होतात, म्हणजे गडबड दुसरीकडेच आहे. कुठे आहे?

तिरपा डोळा

व्याकरणाच्या नादी लागू नका. भरपूर वाचा, भरपूर ऐका, आपोआप येतं. माझं तसंच आलं.

सांगकाम्या

@तिरपा डोळा, आपोआप आलेलं आपोआप जातंही. ताईंना 'इट' का काटला एवढंच विचारायचंय, तेवढं सांगा की.

जुना मास्तर

खोडरबर ताई, तुमची दोन्ही वाक्ये इंग्रजीत चुकली आहेत, पण त्यांच्यामागचे मराठी अगदी शुद्ध आहे. म्हणून आधी मराठीकडेच पाहू.

"जी फाइल तुम्ही मागितली होती, ती सोबत जोडली आहे." या वाक्यात फाइलची दोन सर्वनामे आहेत: 'जी' आणि 'ती'. मराठीत ही जोडीच असते. जो-तो, जेव्हा-तेव्हा, जिथे-तिथे, जसे-तसे. एक आला की कान दुसऱ्याची वाट पाहतो. "ज्याच्या हाती ससा" म्हटले की "तो पारधी" आल्याशिवाय चैन पडत नाही.

इंग्रजीत ही जोडी नाही. तिथे आधी नाम, मग लगेच त्याचे विशेषण वाक्य, म्हणजे त्या नामाची माहिती देणारे पोटवाक्य, मग उरलेले वाक्य. "द फाइल" हे नाम स्वतःच 'ती'चे काम करते. 'व्हिच' हा 'जी'. झाले, दोन्ही जागा भरल्या. तुमचा 'इट' हा तिसरा पाहुणा, आणि पाट दोनच मांडले आहेत.

तुमचे दुसरे वाक्यही "जो आधी येईल त्याला जागा मिळेल" याचेच शब्दशः रूप. 'जो'च्या जागी 'हू', 'त्याला'च्या जागी 'ही'. इंग्रजीत ते असे होईल: "द पर्सन हू कम्स फर्स्ट विल गेट द सीट." किंवा "हूएव्हर कम्स फर्स्ट विल गेट द सीट." यात आणखी एक गोष्ट पाहा. मराठीत 'येईल' आणि 'मिळेल' दोन्ही भविष्यकाळी. इंग्रजीत अशा विशेषण वाक्यात साधा वर्तमानकाळ, 'कम्स'.

आता मुख्य मुद्दा. मी वर्गात हू-व्हिचचा तक्ता सगळ्यात शेवटी देत असे. आधी एकच गोष्ट शिकवायचो: प्रत्येक विशेषण वाक्यात एक भोक असते. ते शोधा.

"यू आस्क्ड फॉर द फाइल" हे पूर्ण वाक्य. त्यातून 'द फाइल' उचलून बाहेर पुढे ठेवली. मागे उरले "यू आस्क्ड फॉर ____". ती रिकामी जागा रिकामीच राहिली पाहिजे. 'व्हिच' म्हणजे त्या भोकावरची पाटी: इथली वस्तू बाहेर गेली आहे. 'इट' घालून तुम्ही भोक पुन्हा बुजवलेत, एवढेच झाले.

खोडरबर

मास्तर, एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं. पण मग हे भोक नेहमी वाक्याच्या शेवटीच असतं का?

जुना मास्तर

नाही. "द मॅन हू ____ केम यस्टरडे": इथे भोक कर्त्याच्या जागी, अगदी सुरुवातीला. "द मॅन हूम आय मेट ____ यस्टरडे": इथे कर्माच्या जागी. "द मॅन हूम आय स्पोक टू ____": इथे शब्दयोगी अव्ययानंतर. भोक कुठे आहे हे ठरले की बाकीचे बरेचसे नियम पाठ करावे लागत नाहीत, आपोआप निघतात.

हू की हूम? भोकात 'ही' बसत असेल तर हू, 'हिम' बसत असेल तर हूम.

सर्वनाम गाळता येते का? भोक कर्त्याचे नसेल तर येते. "द मॅन आय मेट" चालते. "द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल" चालत नाही, कारण ऐकणाऱ्याला 'केम' हेच मुख्य क्रियापद वाटते आणि 'इज' आल्यावर तो ठेचकाळतो.

निळी शाई

मास्तरांना +१. मी इतरांची भाषांतरं तपासते, त्यामुळे या चुकांशी रोज गाठ पडते. ताईंचा जादा 'इट' तसा कमीच दिसतो. खरी साथ आहे ती उलट चुकीची, म्हणजे नको ते गाळण्याची.

"द चेअर आय सॅट वॉज ब्रोकन."
"द पेन आय राइट इज ब्लू."
"द पर्सन आय टॉक्ड वॉज रूड."

ऑन, विथ, टू, तिन्ही गायब. चांगलं इंग्रजी येणारी माणसंसुद्धा हे लिहितात. बरेच दिवस मला वाटायचं की हा निव्वळ आळस. मग एकदा लक्षात आलं, आपण मराठीत म्हणतो काय? "मी बसलेली खुर्ची." "मी लिहितो तो पेन." "मी बोललो तो माणूस." खुर्चीवर बसलो, पेनानं लिहितो, माणसाशी बोललो, हा 'वर', हा 'नं', हा 'शी' मराठीनं गिळून टाकला आणि कुणाचंही अडलं नाही. खुर्चीशी आपलं नातं बसण्याचंच असणार, हे ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी समजून घेत नाही. तिथं क्रियापदाला जे अव्यय लागतं ते भोकाच्या तोंडाशी उभं राहिलंच पाहिजे: "द चेअर आय सॅट ऑन."

यावर माझा उपाय एकदम गावठी आहे. विशेषण वाक्य लिहून झालं की नाम उचलून परत भोकात टाकून बघायचं. "आय सॅट द चेअर"? कानाला खटकलं ना? मग अव्यय राहिलंय.

सांगकाम्या

निळी शाई, हे वाचून मी माझी जुनी पत्रं उघडली. पहिल्याच पत्रात "द इश्यू वी डिस्कस्ड अबाउट". माझा आजार उलटाच दिसतोय.

निळी शाई

हो, आणि तुमच्या आजाराला औषध तेच. "वी डिस्कस्ड अबाउट द इश्यू" करून बघा. 'डिस्कस'ला अबाउट लागतच नाही, म्हणजे दोष विशेषण वाक्याचा नाहीच, तो आधीपासून अंगात होता.

शून्य प्रहर

मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी. खोडरबर यांच्या 'इट'ची थोडी वकिली करतो.

भोक बुजवणं ही काही अडाणीपणाची खूण नाही. अरबीत "मी वाचलेलं पुस्तक" म्हणताना "पुस्तक, जे मी वाचलं त्याला" अशा धाटणीची रचना होते, क्रियापदाला 'ते'चं सर्वनाम चिकटलेलं असतं. तिथे ते शुद्ध आहे. हिब्रू आणि फारसीतही अशी सर्वनामं आढळतात. इंग्रजी ही भोक उघडं ठेवणारी भाषा आहे, इतकंच.

एडवर्ड कीनन आणि बर्नार्ड कॉम्री या भाषाशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये बऱ्याच भाषांची तुलना करून एक उतरंड मांडली: कर्ता, मग प्रत्यक्ष कर्म, मग अप्रत्यक्ष कर्म, मग अव्ययासोबतचं नाम, मग षष्ठीचा म्हणजे मालकीचा संबंध, आणि सगळ्यात तळाला तुलनेतलं नाम. या रचनेनं एखादी भाषा उतरंडीच्या खालच्या पायरीचं नाम बाहेर काढू शकत असेल, तर वरच्या पायऱ्यांचंही काढू शकते. उलट मात्र खरं असेलच असं नाही. कर्ता बाहेर काढणं सगळ्यात सोपं. शिकणाऱ्यांच्या चुकाही साधारण खालच्या पायऱ्यांवर वाढतात असं पुढे बऱ्याच अभ्यासकांनी म्हटलं. निळी शाईंची खुर्ची, पेन आणि माणूस तिथलेच, अव्ययाच्या पायरीचे.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. जॅकलिन शॅक्टर यांनी १९७४ मध्ये इंग्रजी शिकणाऱ्या वेगवेगळ्या भाषकांचे निबंध तपासले. चिनी आणि जपानी विद्यार्थ्यांच्या विशेषण वाक्यांत चुका फारच कमी निघाल्या, फारसी आणि अरबी विद्यार्थ्यांच्या जास्त. वरवर पाहता चिनी-जपानी मुलं हुशार. पण मोजल्यावर दिसलं की त्यांनी अशी वाक्यं मुळात लिहिलीच कमी होती. त्यांच्या भाषांत विशेषण वाक्य नामाच्या आधी येतं, त्यामुळे इंग्रजीची उलटी रचना त्यांनी शक्य तिथे टाळली होती.

खोडरबर

अरे देवा. म्हणजे मी. मी 'व्हिच' टाळायला एकाची तीन वाक्यं करते. "आय बॉट अ मशीन. द मशीन इज न्यू. इट वर्क्स वेल." वाचणाऱ्याला वाटत असेल बाई बालवाडीत आहे.

जुना मास्तर

तीन वाक्ये करण्यात लाज नाही, ताई. ओढूनताणून जोडलेल्या एका वाक्यापेक्षा ती बरी. पण ही तिन्ही सहज जुळतात: "द न्यू मशीन आय बॉट वर्क्स वेल." हू नाही, व्हिच नाही, काहीच नाही. 'न्यू' हे साधे विशेषण, ते पुढे. 'आय बॉट' हे विशेषण वाक्य, ते मागे. मराठीत दोन्ही पुढेच असतात: "मी घेतलेले नवे यंत्र". इंग्रजीत एकशब्दी विशेषण दारात आणि लांबलचक विशेषण मागच्या अंगणात.

अर्धविराम

उशिरा आलो. माझ्या नावाला जागून विरामचिन्हांचा विषय काढतो, तो अजून कुणी काढलेला दिसत नाही.

"माय ब्रदर हू लिव्ह्ज अब्रॉड इज अ डॉक्टर."
"माय ब्रदर, हू लिव्ह्ज अब्रॉड, इज अ डॉक्टर."

पहिल्यात मला एकाहून जास्त भाऊ आहेत आणि त्यांतला परदेशातला डॉक्टर आहे. दुसऱ्यात परदेशाचा उल्लेख जाता जाता केलाय, तो काढला तरी वाक्य उभं राहतं. दोन स्वल्पविरामांनी माझे भाऊ कमी-जास्त होतात.

मराठीत हा भेद स्वल्पविरामानं दाखवायची आपल्याला सवय नाही, म्हणून तो हमखास सुटतो. "परदेशात राहणारा माझा भाऊ डॉक्टर आहे" याचे दोन्ही अर्थ होतात. पण मराठीतूनच एक कसोटी काढता येते. वाक्य जो-तो घालून म्हणून पाहा. "माझा जो भाऊ परदेशात राहतो, तो डॉक्टर आहे." हे पटत असेल तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. "जो सूर्य एक तारा आहे, तो तापतो" हे मात्र कानाला विचित्र लागतं, जणू दहा सूर्य आहेत आणि त्यांतला एक निवडायचाय. असं विचित्र लागलं की समजायचं, इथं स्वल्पविराम हवेत: "द सन, व्हिच इज अ स्टार, ..." मराठीचा जो-तो मुळात निवड करणारा आहे, म्हणून ही कसोटी चालते.

आणि स्वल्पविरामानंतर 'दॅट' नाही. "द सन, दॅट इज अ स्टार" चूक. तिथे सर्वनाम गाळताही येत नाही.

तिरपा डोळा

मग स्वल्पविराम नसेल तिथे 'दॅट'च हवं, 'व्हिच' चूक, हेही खरं ना? माझा कॉम्प्युटर 'व्हिच'खाली रेघ मारतो.

अर्धविराम

कॉम्प्युटरचं फार मनावर घेऊ नका. इंग्रजीच्या वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये अशी वाटणी सुचवली: निवड करायची असेल तिथे दॅट, नुसती पुरवणी असेल तिथे व्हिच. पण चांगले लेखक सर्रास असं करतात असा दावा त्यांनी स्वतःही केला नव्हता. अशी वाटणी झाली तर बरं, असा त्यांचा सूर होता. पुढे अमेरिकन संपादकांनी ती सूचना नियमासारखी उचलली. ब्रिटिश लिखाणात "द बुक व्हिच आय बॉट" आजही बिनदिक्कत दिसतं. वाचणारा अमेरिकन असेल तर दॅट वापरा, कटकट टळेल. पण त्याला शुद्ध-अशुद्धाचा रंग देऊ नका.

अवांतर: माणसांना हू, वस्तूंना व्हिच हा नियमही पहिल्यापासून नव्हता. १६११ च्या इंग्रजी बायबलमधल्या प्रार्थनेत देवबापाला उद्देशून "अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन" असं आहे. आज असं लिहिलं तर लाल रेघ नक्की.

सांगकाम्या

व्हिचचं समजलं. 'हूज' मात्र फक्त माणसांनाच ना? "अ हाउस हूज रूफ लीक्स" मला तरी चूक वाटतं, घराला 'हू' कसं?

जुना मास्तर

चूक नाही. 'हूज'ला वस्तूंसाठी वेगळे भावंडच नाही. "अ हाउस द रूफ ऑफ व्हिच लीक्स" हा पर्याय शुद्ध आहे, पण छप्पर गळण्याआधी वाचणाराच थकतो. बिनधास्त हूज लिहा.

हूज आणि 'हू इज'चे आखूड रूप 'हूʼज' यांचा उच्चार एक, लेखन वेगळे. तिथे घसरू नका, बस.

पानगळ

वाचतेय. वाचनखूण साठवलीय. एक शंका: मुलीच्या वहीत तिनं "द मॅन हूम आय थिंक इज ऑनेस्ट" लिहिलं होतं. 'आय'नंतर कर्म म्हणून हूम, असं तिचं म्हणणं. शिकवणीतही बरोबर दिलंय. बरोबर आहे का?

शून्य प्रहर

भोक शोधू या. "आय थिंक ____ इज ऑनेस्ट." भोकात काय बसतं? "आय थिंक ही इज ऑनेस्ट." 'हिम इज' कुणी म्हणत नाही. म्हणून हू. 'आय थिंक' हे मध्येच घुसलेलं आहे, ते झाकून पाहिलं तरी कळतं: "द मॅन हू इज ऑनेस्ट".

ही चूक इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात, आणि तीही जास्त शुद्ध लिहायच्या नादात. हूम दिसायला रुबाबदार आहे ना. बोलताना तर बहुतेक जण कर्माच्या जागीही हूच म्हणतात. फक्त अव्यय लगेच आधी आलं की हूम सक्तीचं: "द मॅन टू हूम आय स्पोक". तिथे 'टू हू' नाही, 'टू दॅट' तर मुळीच नाही.

तिरपा डोळा

आमच्या काळी शिकवायचे की अव्ययानं वाक्य संपवूच नये. निळी शाईंची "द चेअर आय सॅट ऑन" अशुद्धच की. "द चेअर ऑन व्हिच आय सॅट" हवं.

अर्धविराम

त्या नियमाचा उगमही सापडतो. कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सन यांच्या एका ओळीत शेवटी लोंबकळणारं अव्यय दोष म्हणून दाखवलं, आणि आपल्याही जुन्या लिखाणात तो दोष असल्याची कबुली दिली. त्याआधी आणि त्यानंतरही इंग्रजी अशीच बोलली जातेय. 'ऑन व्हिच' करारनाम्यात शोभतं. रोजच्या पत्रात "द चेअर आय सॅट ऑन" लिहिलं तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत. अव्यय आधी ठेवा की नंतर, गाळू मात्र नका.

निळी शाई

'व्हेअर'बद्दल एक सांगायचं राहिलं, कारण तिथं अव्ययाचा हिशेब बदलतो. "द हाउस व्हेअर आय लिव्ह" यात 'इन' व्हेअरच्या पोटात आहे, म्हणून "द हाउस व्हेअर आय लिव्ह इन" म्हणजे दुहेरी झालं. इथवर सगळ्यांना कळतं. पण "द प्लेस व्हेअर आय व्हिजिटेड" हे रोज दिसतं आणि ते चूक आहे. जागा आली की व्हेअर, असं डोक्यात बसलेलं असतं. मराठीत "जिथे मी भेट दिली ते ठिकाण" छान चालतं, त्यामुळे शंकाही येत नाही. इंग्रजीत "आय व्हिजिटेड द प्लेस", म्हणजे भोक सरळ कर्माचं. व्हिच किंवा दॅट लावा, नाहीतर काहीच नको: "द प्लेस आय व्हिजिटेड."

खोडरबर

आणि 'व्हॉट'? "द बुक व्हॉट आय रेड" असं आमच्याकडे एक जण नेहमी लिहितो. चूक आहे हे कळतं, का ते सांगता येत नाही.

जुना मास्तर

फार सुंदर प्रश्न. "तू जे म्हणालास ते खरे आहे." इंग्रजीत: "व्हॉट यू सेड इज ट्रू." मोजा. मराठीत 'जे' आणि 'ते' असे दोन, इंग्रजीत एकटा 'व्हॉट'. म्हणजे व्हॉटच्या पोटात जे आणि ते दोन्ही आहेत. नाम तो सोबत घेऊनच फिरतो. मग त्याच्या आधी 'द बुक' कशाला? तसेच "ऑल व्हॉट आय नो" नाही. "ऑल दॅट आय नो", नाहीतर नुसते "ऑल आय नो".

"जे चकाकते ते सगळे सोने नसते" याला इंग्रज म्हणतो, "ऑल दॅट ग्लिटर्स इज नॉट गोल्ड." 'ते सगळे' म्हणजे ऑल, 'जे' म्हणजे दॅट. आणि इथे दॅट गाळता येत नाही, भोक कर्त्याचे आहे.

शून्य प्रहर

मास्तर, कर्त्याच्या भोकावरून आठवलं. इंग्रजी तिथे सर्वनाम गाळू देत नाही, पण मराठी बेधडक गाळते. "कसेल त्याची जमीन." "बळी तो कान पिळी." "हसेल त्याचे दात दिसतील." प्रत्येकात 'जो' गायब, आणि गायब झालेला 'जो' कर्ताच आहे. "पडेल ते काम", "मिळेल ती गाडी" हेही तसंच. "द मॅन केम यस्टरडे इज माय अंकल" असं लिहिणाऱ्याच्या डोक्यात "काल आला तो माणूस" असणार, असा माझा अंदाज.

जुना मास्तर

अंदाज मला पटतो. इतकी वर्षे ती चूक खोडली, पण "कसेल त्याची जमीन"शी तिचा संबंध कधी जोडला नव्हता.

पानगळ

अवांतर असेल तर सोडून द्या, पण हल्ली उलटी लागणही दिसते ना? "तो मुलगा जो काल आला होता", "ही योजना, जी की फार उपयुक्त आहे". बातम्यांत तर रोज.

निळी शाई

अवांतर नाहीच, माझी दुखरी नस आहे. 'जी की' दिसलं की माझा पेन आपोआप उचलला जातो. मराठीला 'काल आलेला मुलगा' म्हणता येतं, 'काल जो मुलगा आला होता तो' म्हणता येतं, 'काल आला होता तो मुलगा' म्हणता येतं. तीन तयार वाटा असताना इंग्रजीची चौथी कशाला उसनी आणायची? आणि पुरवणी माहिती द्यायची असेल तर सरळ दुसरं वाक्य करावं: "ही योजना फार उपयुक्त आहे." माणसं इंग्रजी लिहिताना मराठी घुसवतात आणि मराठी लिहिताना इंग्रजी.

अर्धविराम

थोडं असहमत. नामानंतर 'जो' येणं अगदीच परकं नाही, बोलताना आठवेल तसं आपण मागून जोडतोच: "तो मुलगा नाही का, जो काल आला होता?" पण लेखी मराठीत 'जी की' मलाही सोसत नाही.

सांगकाम्या

'काल आलेला' वरून विचारतो. "कोपऱ्यात बसलेला मुलगा" याचं मी "द बॉय सॅट इन द कॉर्नर" केलं होतं, तेही कापलं गेलं. 'बसलेला' म्हणजे भूतकाळच ना?

जुना मास्तर

रूप भूतकाळी, अर्थ चालू स्थितीचा. मुलगा आत्ताही बसूनच आहे. इंग्रजीत "द बॉय हू इज सिटिंग इन द कॉर्नर", त्यातले 'हू इज' उडवून "द बॉय सिटिंग इन द कॉर्नर". बसलेला, उभा राहिलेला, झोपलेला, पडलेला, या सगळ्यांना आयएनजी: सिटिंग, स्टँडिंग, स्लीपिंग, लाइंग. पण "त्याने लिहिलेले पत्र" याला "द लेटर रिटन बाय हिम", कारण पत्र लिहिणारे नव्हे, लिहिले गेलेले. कुणी काय केले आणि कुणाला काय झाले एवढे पाहा. मराठीचा 'लेला' दोन्हीकडे सारखाच दिसतो, तो फसवतो.

खोडरबर

मंडळी, गृहपाठ करून आणलाय. तपासा.

१. द क्लायंट आय स्पोक टू यस्टरडे वॉन्ट्स अ न्यू डेट.
२. द रिपोर्ट, व्हिच आय फिनिश्ड लास्ट वीक, इज विथ अकाउंट्स.
३. आय गेव्ह द ड्राफ्ट टू माय कलीग व्हिच वॉज फुल ऑफ मिस्टेक्स.
४. ही केम लेट, व्हिच डिलेड एव्हरीवन.

चौथ्यात व्हिच कशाला लागलं तेच कळेना, तरी कानाला बरोबर वाटलं म्हणून ठेवलं.

अर्धविराम

दुसऱ्यात स्वल्पविराम आहेत, म्हणजे अहवाल एकच आहे आणि तो कुठला हे वाचणाऱ्याला माहीत आहे. तसं असेल तर उत्तम. तीन-चार अहवाल फिरत असतील तर स्वल्पविराम काढा.

निळी शाई

तिसरं वाचून हसले, माफ करा. विशेषण वाक्य शेजारच्या नामाला चिकटतं. तुमच्या सहकाऱ्यात चुका भरल्यात असं झालंय, वर त्याला 'व्हिच' करून निर्जीवही केलंत. मसुदा आणि त्याचं विशेषण लांब जाऊ देऊ नका: "आय गेव्ह माय कलीग द ड्राफ्ट, व्हिच वॉज फुल ऑफ मिस्टेक्स."

जुना मास्तर

पहिले निर्दोष, 'टू' जागेवर आहे. चौथेही बरोबर. तिथे व्हिच कुठल्याच नामाचे नाही, आधीच्या अख्ख्या वाक्याचे आहे: "तो उशिरा आला, त्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला." आधी स्वल्पविराम हवाच आणि दॅट चालणार नाही. ही रचना बोलण्यात झकास, अहवालात जपून. व्हिच नेमके कशाला लागते याचा घोळ होतो.

तिरपा डोळा

मान्य, एवढं ऐकून ऐकून आलं नव्हतं. मला शेवटचं एक सांगा. "वन ऑफ द पीपल हू वर्क हिअर" की "वर्क्स"?

शून्य प्रहर

"इथे काम करणाऱ्या लोकांपैकी एक." काम करणारे कोण? लोक. भोक 'पीपल'चं आहे, म्हणून 'वर्क'. 'वन'कडे बघून 'वर्क्स' लिहिणारे खूप आहेत, छापील मजकुरातही सापडेल. 'द ओन्ली वन ऑफ' आलं तर मात्र एकच उरतो, मग 'वर्क्स'.

खोडरबर

आज पत्र पाठवलं. "द फाइल यू आस्क्ड फॉर इज अटॅच्ड." इट नाही, व्हिच नाही, फॉर जागेवर. पाचव्या मिनिटाला वरिष्ठांचं उत्तर आलं.

फाइल जोडायचीच राहिली होती.